बुंदीच्या केसांचा रिपोर्ट

संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सातच्या सुमाराला, गोदाकुंज सोसायटीच्या हॉलमध्ये शवासन चालू असताना एकाच वेळी चार जणांना खाज सुटली. शवासनात माणसाने मेल्यासारखं पडून राहायचं असतं, आणि मेलेला माणूस खाजवत नाही, हे योगशास्त्र न शिकलेल्यालाही कळतं. तरी पुढच्या रांगेतल्या छायावहिनींचा हात हळूच कमरेकडे गेला. त्यांच्या शेजारच्या बाईंचा काखेकडे गेला. मागच्या रांगेतून तर कुणीतरी सतरंजीवर पाठ घासत असल्याचा आवाज येऊ लागला. योगशिक्षिका भाग्यश्री मॅडम संथ आवाजात सांगत होत्या, "शरीर सैल सोडा. शरीराचा विसर पडू द्या." पण हॉलमधल्या बावीस शरीरांपैकी निदान चार शरीरं आपापल्या मालकाला स्वतःची आठवण करून देत होती.

यादवराव गायखे यांनी हे सगळं एक डोळा किलकिला ठेवून पाहिलं. शवासनात डोळे मिटायचे असतात हे त्यांना ठाऊक होतं. पण ओझरच्या विमान कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढलेल्या माणसाचे दोन्ही डोळे एका वेळी मिटत नाहीत. निवृत्तीनंतर तपासायला विमानं उरली नव्हती, म्हणून यादवराव मिळेल ते तपासत. योगवर्गाच्या सतरंज्या सरळ घातल्या आहेत का, आसनांसाठी कमरेला बांधायचे सुती पट्टे सगळे परत आले का, हे ते रोज पाहत. पट्टे मोजून, झटकून, गुंडाळून खोक्यात ठेवायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. बावीस माणसांत बारा पट्टे, म्हणजे ते या कमरेवरून त्या कमरेवर फिरत असत, आणि ही फिरती यादवरावांच्या देखरेखीखाली शिस्तीत चाले. कुणी त्यांचे आभार मानत नसे. पण कारखान्यातही कुणी मानत नव्हतं, त्यामुळे त्यांना सवय होती.

वर्ग सुटल्यावर सगळे खाली पार्किंगमध्ये जमले आणि दहा मिनिटांत रोगाचं निदान झालं. नाशिकला डॉक्टर पुष्कळ आहेत, पण पार्किंगइतकं झटपट निदान कुणाकडे होत नाही.

"मांजरच हाय ते," सेक्रेटरी पुंजाभाऊ भोर म्हणाले. पुंजाभाऊंची घोटीला भाताची मिल होती. ते रोज साडेआठला गाडी काढत, आणि तोवर सोसायटीचा कारभार पार्किंगमध्ये उभ्याने उरकत. "हॉलमधल्या सतरंज्यांच्या ढिगावर झोपती ती. तिच्या कानामागं बघा, केस गेल्यात. तिचे केस गेले, आता आपली कातडी जाणार."

ती म्हणजे बुंदी. पांढऱ्या अंगावर केशरी ठिपके, म्हणून सोसायटीचे जिने झाडणाऱ्या मालनबाईंनी तिला हे नाव दिलं होतं. मालनबाई तिला दूध घालत, बुधवारी बाजारातून मासळीची डोकी आणत. बुंदीच्या उजव्या कानामागे जुन्या चार आण्याएवढा केस गेलेला गोल होता, हे खरं होतं. पार्किंगमधल्या सगळ्यांनी तो पाहिला आणि सगळ्यांना एकदम आणखी खाज सुटली.

"पण मांजराचा आजार माणसाला होतो का?" यादवरावांनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. प्रश्न साधा होता, पण तो विचारायचा असतो हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"होतो म्हंजे काय, झालाच की," पुंजाभाऊ म्हणाले.

"झाला हे दिसतंय. मांजराकडून झाला हे कशावरून?"

"गायखे साहेब, तुम्ही इमानं बनवली, तुमचं बरोबर असंल. पण आमची कंबर खाजती हाय. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सर्वसाधारण सभा हाय. त्यात ठराव घेऊ. मांजर उचलून त्र्यंबक रोडला डोंगराकडं सोडायचं. आणि मालनबाईंनी ते लाडावून ठेवलंय, तर त्यांच्या जागी पण दुसरं माणूस बघायचं. तवर तुमचं काय इन्स्पेक्शन असंल ते करा."

मालनबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर फडकं पिळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण फडकं पिळणं थांबलं. अकरा वर्षं त्या इथे काम करत होत्या.

यादवराव वर घरी आले ते वेगळ्याच तंद्रीत. रागावण्यासारखं बरंच काही घडलं होतं, पण ते रागावले नव्हते. त्यांना प्रश्न पडला होता. मांजर सतरंजीवर झोपतं. माणूस त्याच सतरंजीवर झोपतो. मग या दोन झोपांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे नेमकं काय जातं, आणि जातं का? बासष्ट वर्षांच्या आयुष्यात हे आपल्याला ठाऊक नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

"प्रतिभा," ते पत्नीला म्हणाले, "आपल्याकडे शंभर पानी वही आहे का?"

प्रतिभाताईंनी वही दिली आणि सुस्कारा सोडला. त्यांच्या नवऱ्याने वही मागितली की पुढचे दोन महिने घरात काही खरं नसे.

प्रथम सर्वेक्षण झालं. यादवरावांनी स्वतः फॉर्म तयार केला, बावीस प्रती काढल्या आणि घरोघर वाटल्या. प्रश्न सातच होते. 'खाज केव्हापासून?' 'खाजेची जागा?' 'मांजरीशी प्रत्यक्ष संपर्क आला का? आल्यास पुढाकार कोणाचा?' वगैरे. आठ दिवसांत सहा फॉर्म परत आले. 'खाजेची जागा' या रकान्यात दोघांनी 'लागू नाही' लिहिलं होतं, एकाने 'पार्किंग' लिहिलं होतं, आणि एका घरातून 'आमच्याकडे असलं काही नसतं' अशी सहीनिशी नोंद आली होती. पुढाकाराच्या रकान्यात तिघांनी 'मांजरीचा' असं लिहिलं होतं. पुंजाभाऊंनी फॉर्म कोरा परत पाठवला. छायावहिनींनी फॉर्म भरला नाही, पण त्याच्या मागच्या बाजूला कडुनिंबाच्या पाल्याचा लेप कसा करायचा ते सविस्तर लिहून दिलं, आणि खाली 'हा मांजरीलाही चालेल' अशी पुस्ती जोडली.

लोक पगार सांगतील पण खाज कुठे आहे ते सांगणार नाहीत, असा निष्कर्ष यादवरावांनी वहीत लिहिला. सर्वेक्षणातून निघालेला हा एकच निष्कर्ष.

मग ते सरकारदरबारी गेले. कार्यालय कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही. तिथल्या माणसांनी त्यांना चहा पाजला होता. खालच्या मजल्यावरच्या खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "रोग माणसाला झालाय की जनावराला?"

"तेच शोधायचंय," यादवराव म्हणाले.

"मग शोधून या. माणसाला असला तर इथे, जनावराला असला तर वरच्या मजल्यावर."

यादवराव वरच्या मजल्यावर गेले. तिथल्या छापील अर्जावर 'श्वानाचे वर्णन' असं होतं. मांजरासाठी अर्ज नव्हता. टेबलावरची बाई भली होती. ती म्हणाली, "काका, श्वान खोडून मांजर लिहा आणि शेजारी सही करा." यादवरावांनी तसं केलं. मग तिने अर्ज वाचला आणि परत दिला. "आता हा आमच्याकडे घेता येणार नाही. यात मांजर लिहिलंय." हे तिने इतक्या सौजन्याने सांगितलं की यादवरावांना तिचे आभार मानावे लागले.

शेवटी एका शनिवारी बुंदीला खाजगी दवाखान्यात न्यायचं ठरलं. पशुवैद्य डॉ. धम्मपाल यांनी फोनवर सांगितलं होतं, "घेऊन या, बघू." घेऊन येणं हे दोन शब्दांत बसतं, पण प्रत्यक्षात ते पाऊण तास चाललं. यादवरावांनी द्राक्षांची दोन रिकामी कॅरेट मिळवली, एकावर एक उपडं घालून सुतळीने बांधायची योजना वहीत काढली, हेल्मेट घातलं, हातमोजे चढवले आणि ते पार्किंगमध्ये उतरले. त्यांचा तो अवतार पाहून बुंदी सरळ जनरेटरच्या मागे गेली. यादवराव जनरेटरच्या मागे गेले. बुंदी पुढे आली. असं चार वेळा झालं. गॅलऱ्यांतून लोक सूचना देत होते. कुणी म्हणालं दूध ठेवा, कुणी म्हणालं पोतं टाका. अखेर मालनबाई आल्या, "बुंदे, चल गं" म्हणाल्या, आणि मांजर उचलून कॅरेटमध्ये ठेवून मोकळ्या झाल्या.

"मी पण येते, साहेब," त्या म्हणाल्या. "ती एकटी घाबरंल."

रिक्षात त्या कॅरेटवर हात ठेवून बसल्या होत्या. मुंबई नाक्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "साहेब, खरंच हिच्यामुळं झालं असंल तर?"

"तर तसं सांगावं लागेल," यादवराव म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि त्याचा पश्चात्तापही बऱ्याचदा होत असे.

दवाखान्यातल्या मुलीने कार्ड काढलं. "मालकाचं नाव?"

बुंदीला मालक नव्हता. मालनबाईंचं नाव घालावं तर सभेत ते त्यांच्याच विरुद्ध गेलं असतं. सोसायटीचं नाव घालावं म्हणून यादवरावांनी तिथूनच पुंजाभाऊंना फोन लावला.

"अजिबात नाय," पुंजाभाऊ म्हणाले. "सोसायटीचं नाव लागलं की मांजर सोसायटीचं झालं. उद्या ते कुणाला चावलं तर मी कोर्टात उभा राहू?"

तेव्हा यादवरावांनी स्वतःचं नाव सांगितलं. मुलीने टाईप केलं, आणि कार्ड छापून आलं त्यावर 'बुंदी गायखे' असं नाव होतं. त्या दिवसापासून यादवरावांच्या मोबाईलवर 'प्रिय बुंदी गायखे यांचे पालक' अशा मजकुराने सुरू होणारे संदेश येऊ लागले. हे संदेश पहिल्यांदा प्रतिभाताईंनी वाचले, आणि आपल्या घरात ही कोण, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

डॉ. धम्मपाल तरुण होते आणि प्रश्न विचारलेले त्यांना आवडत. यादवरावांनी तोच प्रश्न विचारला. मांजराकडून माणसाला होतो का?

"होतो की," डॉक्टर म्हणाले. "मांजरांना एक बुरशी होते, तिचं गजकर्ण माणसाला होतं. लहान मुलांना तर बऱ्याचदा. त्याच गादीवर, त्याच सतरंजीवर वावर असला की होऊ शकतं."

मालनबाई खाली बघू लागल्या.

"पण होऊ शकतं आणि झालंय यात फरक आहे," डॉक्टर पुढे म्हणाले. त्यांनी खोलीत अंधार केला आणि एक जांभळा दिवा बुंदीच्या कानामागे धरला. "बुरशी असेल तर कधीकधी हिरवं चमकतं."

काही चमकलं नाही.

"म्हणजे नाही?" यादवरावांनी विचारलं.

"चमकलं तर शंका पक्की. नाही चमकलं तरी शंका जात नाही."

यादवरावांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. असं बोलणारा माणूस त्यांना कारखाना सोडल्यापासून भेटला नव्हता.

खरी तपासणी पुढे होती. एक कोरा टूथब्रश घेऊन तो मांजरीच्या सगळ्या अंगावरून फिरवायचा, त्यात अडकलेल्या केसांसकट तो पिशवीत घालून लॅबला द्यायचा. लॅबवाले त्यातलं काही उगवतं का ते बघत, आणि त्याला तीन-चार आठवडे लागत. ब्रश फिरवताना बुंदी डोळे मिटून पडून राहिली. योगवर्गातल्या कुणालाही इतकं चांगलं शवासन जमलं नव्हतं. शनिवारी लॅब बंद झालेली होती, म्हणून यादवरावांनी पिशवी घरी आणली. सोमवारी सकाळी नेऊ म्हणून त्यांनी ती बाथरूमच्या खिडकीत, कुणाचा हात लागणार नाही अशा जागी ठेवली.

घरात कुणाचा हात लागणार नाही अशी जागा असते, असं फक्त पुरुषांनाच वाटतं. रविवारी प्रतिभाताईंनी बाथरूम घासलं. सोमवारी यादवराव पिशवी शोधू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "तो ब्रश ना? अहो, नवा कोरा होता आणि त्यात कसले तरी केस. गरम पाण्याने स्वच्छ धुऊन ठेवलाय स्टँडमध्ये. पाहुण्यांना होईल."

स्टँडमध्ये तीन ब्रश होते. त्यांतले दोन निळे होते, अगदी एकासारखे एक. यादवराव सकाळी चष्मा लावण्याआधी दात घासत. त्या दिवशी सकाळी आपण कोणता ब्रश वापरला, हा प्रश्न मात्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तपास न करता सोडून दिला.

बुंदीला पुन्हा कॅरेटमध्ये घालून नेलं. या खेपेला ब्रश डॉ. धम्मपाल यांनी स्वतःच लॅबकडे पाठवला आणि 'मधे कुठे थांबायचं नाही' असं न्यायला आलेल्याला दोनदा बजावलं.

आता मांजराची बाजू मार्गी लागली, पण माणसाची बाजू राहिली होती. खाजणाऱ्यांपैकी कुणी डॉक्टरकडे जायला तयार नव्हतं. जो तो मेडिकलवाल्याकडून एक ट्यूब आणून लावत होता आणि बरं वाटतंय म्हणून सांगत होता. तेव्हा यादवराव निदान माहिती घ्यावी म्हणून गंगापूर रोडला डॉ. तेजस्विनी या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. नंबर लागायला दीड तास लागला. आत गेल्यावर त्यांनी वही उघडली आणि आपण रुग्ण नसून माहितीसाठी आलो आहोत, हे प्रथम स्पष्ट केलं. डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं बोलू दिलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला कधीपासून आहे?"

"मला? मला नाही."

"तुम्ही बसल्यापासून तीनदा कंबर खाजवलीत."

"ते लेंग्याच्या नाडीचं. नाडी घासते."

"कधीपासून घासते?"

"दिवाळीपासून," यादवराव म्हणाले. योगवर्ग दिवाळीनंतर सुरू झाला होता. बाकीच्यांची खाज संक्रांतीची होती. तारखा त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या, पण त्या यादीत त्यांनी स्वतःला धरलं नव्हतं. तपासनीस तपासाच्या बाहेर असतो, हे ते धरूनच चालले होते.

"दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

दाखवलं. कमरेभोवती, नाडीच्या रेघेवर, नाशिक जिल्ह्याच्या नकाशासारखा एक चट्टा होता. त्याची कड लाल आणि उठलेली होती. यादवराव त्याला तीन महिने ट्यूब लावत होते. लावली की तो फिका पडे, थांबवली की आणखी पसरे.

"या ट्यूबनेच वाढवलाय," डॉक्टर म्हणाल्या. "खाज दाबते, बुरशी वाढवते. टॉवेल वेगळा आहे तुमचा?"

"घरी वेगळा आहे."

"कमरेला बांधायचं काही, दुसऱ्यांबरोबर वापरता असं?"

यादवरावांच्या डोळ्यांपुढे बारा पट्टे उभे राहिले. रोज मोजलेले, झटकलेले, स्वतःच्या हाताने नीट गुंडाळलेले.

डॉक्टरांनी चट्ट्याची कड खरवडून काचपट्टीवर घेतली, काही भाग लॅबला पाठवला, आणि औषध लिहून दिलं. "बायकोलाही घेऊन या," त्या म्हणाल्या. प्रतिभाताईंच्या मनगटावर एक लहानसा चट्टा निघाला. तो त्या भांड्यांच्या साबणाचा म्हणून धरून चालल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे घरातल्या सगळ्या चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या, आणि दुसरं म्हणजे यादवरावांचे लेंगे.

दोन्ही रिपोर्ट सभेच्या आदल्या शुक्रवारी आले. बुंदीच्या ब्रशवर कसलीही बुरशी उगवली नव्हती. कानामागे होत्या त्या पिसवा, आणि स्वतःच्याच पंजाने खाजवून खाजवून तिने केस घालवले होते. यादवरावांच्या खरवडीतून मात्र बुरशी छान फोफावली होती. डॉ. तेजस्विनी यांनी समजावून सांगितलं, "ही जात वेगळी. मांजरीकडून येते ती ही नव्हे. ही सध्या माणसांकडूनच माणसांत फिरते आहे. कपडे, टॉवेल, तुमचे ते पट्टे. तुमच्यापासूनच सुरू झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तारखा तुम्हीच लिहून आणल्यात."

शुक्रवारची रात्र आणि शनिवारचा दिवस यादवराव वही मिटून बसले.

"मांजर सुटली ना?" प्रतिभाताई म्हणाल्या. "मग तेवढंच सांगा. 'मांजरीचा दोष नाही' म्हणायचं आणि खाली बसायचं. बाकीचं कुणी विचारलंय?"

हे यादवरावांनाही पटलं. रिपोर्ट मांजरीचा मागितला होता, मांजरीचा द्यायचा. कारखान्यातही ज्या भागाची तपासणी मागितली त्याच भागाचा रिपोर्ट देत असत. असं मनाशी म्हणून ते निश्चिंत झाले, आणि ते निश्चिंत झाल्याचं त्यांनी रविवारी दुपारपर्यंत प्रतिभाताईंना चार वेळा सांगितलं.

सभेला हॉल भरला होता. सतरंज्या उन्हात टाकल्या होत्या, म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चहा द्यायला म्हणून मालनबाई दाराशी उभ्या होत्या. पाण्याची टाकी, पार्किंगचे पट्टे हे विषय झाल्यावर पुंजाभाऊंनी मांजराचा विषय काढला. यादवराव उठले, त्यांनी बुंदीचा रिपोर्ट वाचून दाखवला, पिसवांचा खुलासा केला, आणि मांजरीकडून माणसाला गजकर्ण होऊ शकतं, पण इथे झालेलं नाही, असं सांगून खाली बसले. ठरल्याप्रमाणे सगळं झालं.

पुंजाभाऊंनी रिपोर्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "ठीक हाय. मांजर नाय. मग कुणाकडनं आलं?"

"ही बुरशी माणसाकडून माणसाला होते," यादवराव बसल्या जागेवरून म्हणाले.

"झालं तर मग," पुंजाभाऊ म्हणाले. "रोज हॉल कोण पुसतं? सतरंज्या कोण घालतं? मांजर धुतल्या तांदळासारखं निघालं, पण मालनबाईंना हात लावलेला हाय का कुणी डॉक्टरनं? माझा ठराव तसाच ऱ्हातो. मांजराला राहू द्या, माणूस बदला."

चार-पाच माना हलल्या. छायावहिनी म्हणाल्या, "तसं त्यांचे हात सगळीकडेच लागतात." दाराशी मालनबाईंनी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला. त्यांनी यादवरावांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच यादवरावांना सहन झालं नाही.

ते पुन्हा उठले. "एक रिपोर्ट वाचायचा राहिला," ते म्हणाले.

हा दुसरा कागद शर्टाच्या खिशात चार घड्या घालून ठेवला होता. तो उलगडायला जरा वेळ लागला. "रुग्णाचं नाव यादव पुंडलिक गायखे," त्यांनी वाचलं. "वय बासष्ट. जागा, कंबर." इथे ते थांबले, कारण सोसायटीतल्या एकाही माणसाने हा रकाना खरा भरला नव्हता. "मला दिवाळीपासून आहे. तुम्हा सगळ्यांना संक्रांतीपासून. पट्टे मी वापरत होतो, मीच गुंडाळत होतो, आणि मीच वाटत होतो. मालनबाई योगाला येत नाहीत आणि पट्ट्यांच्या खोक्याला हात लावत नाहीत, कारण मीच त्यांना लावू देत नव्हतो. तेव्हा काढायचंच असेल कुणाला, तर मला योगवर्गातून काढा."

मग यादवरावांच्या डावीकडच्या गृहस्थांनी आपली खुर्ची हळूच वीतभर सरकवली. उजवीकडच्यांनी दीड वीत सरकवली. भाग्यश्री मॅडम म्हणाल्या की शास्त्रात योगसाधना एकांतातच सांगितलेली आहे, आणि गायखे काकांनी काही दिवस तशी करायला हरकत नाही. पट्टे जाळायचे, सतरंज्या उकळायच्या, यापुढे ज्याने त्याने आपली सतरंजी घरून आणायची, असं ठरलं. मालनबाईंच्या ठरावाला अनुमोदक मिळाला नाही. तो बारगळला.

पुढचे आठ दिवस यादवरावांच्या मानी स्वभावाला फार जड गेले. ते लिफ्टमध्ये शिरले की आत असलेल्यांना एकदम जिन्याने जायची आवड निर्माण होई. भाजीवाल्याने त्यांनी हाताळलेली वांगी बाजूला काढून ठेवली, असंही त्यांना वाटलं. पण ती किडकी निघाली होती म्हणून, असं त्याने सांगितलं. पार्किंगमध्ये 'कंबरवाले गायखे' असा उल्लेख होतो, हे त्यांना मालनबाईंकडून कळलं. मालनबाईंनी ते सांगितलं, आणि मग त्यांच्यासाठी आणलेली शेवग्याची जुडी दाराच्या कडीला अडकवून गेल्या.

मग नवव्या दिवशी संध्याकाळी दारावरची बेल वाजली. छायावहिनी होत्या. आत आल्या, दार स्वतःच लावून घेतलं, प्रतिभाताईंना आत नेऊन काहीतरी दाखवलं, आणि जाताना यादवरावांना हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्या डॉक्टरबाईंचा नंबर द्या. आणि मी आले होते हे कुणाला बोलू नका."

दुसऱ्या दिवशी दोघे आले. तिसऱ्या दिवशी तिघे. रोज दिवेलागणीला कुणीतरी साखर मागायला नाहीतर पेपर न्यायला म्हणून येई आणि बाही वर करी. 'आमच्याकडे असलं काही नसतं' वाल्या घरातून तर अख्खं कुटुंब आलं. यादवराव प्रत्येकाला तीच माहिती देत. मेडिकलवाल्याची ट्यूब बंद करा, औषध पूर्ण दिवस घ्या, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. त्यांना मनातून बरं वाटू लागलं होतं. आणि कंबरही आता फार खाजत नव्हती.

सगळ्यांत शेवटी पुंजाभाऊ आले. ते बराच वेळ सोफ्यावर बसून घोटीच्या भाताच्या भावावर बोलले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, पडदा ओढलेला आहे याची खात्री केली, आणि उठून शर्ट वर केला.

यादवराव पाहतच राहिले. त्यांचा स्वतःचा चट्टा जिल्ह्याएवढा होता. हा महाराष्ट्र होता, कोकणपट्टीसकट.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"झाली तीन वर्सं," पुंजाभाऊ हळू आवाजात म्हणाले. "मिलमधी घाम लय येतो. मला वाटलं कोंड्याचं असंल. वर्गाला मी पहिल्या दिवसापासून येतोय, तुम्हाला ठावं हाय. दुसऱ्या आठवड्यात तुमचा पट्टा मोठा होता म्हणून आपण अदलाबदल केली, आठवतं?"

यादवरावांना आठवलं. दिवाळीनंतरचा दुसरा आठवडा. नाडी घासायला लागली ती नक्की दिवाळीच्या फराळात की त्यानंतर, हे मात्र त्यांना आता काही केल्या आठवेना. त्यांनी एका चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर लिहिला आणि ती पुंजाभाऊंच्या हातात दिली.

"हे आपल्यातच ऱ्हाऊ द्या, साहेब. सेक्रेटरी माणूस हाय मी."

"राहील," यादवराव म्हणाले.

पुंजाभाऊंनी शर्ट नीट खोचला. दार उघडलं तर समोर लिफ्टमधून छायावहिनी आणि दुसऱ्या मजल्यावरची मंडळी बाहेर पडत होती. पुंजाभाऊ उंबऱ्यावरच वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तर जरा जपून ऱ्हा, गायखे साहेब. तुमच्यामुळं सोसायटीला लय तरास झाला."

यादवरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

दार लावून ते वळले. प्रतिभाताई पडद्याशी उभ्या होत्या. त्या कधीपासून तिथे होत्या ते कळायला मार्ग नव्हता.

"तीन वर्षं?" त्यांनी विचारलं.

"कसली तीन वर्षं?" यादवराव म्हणाले. "पाण्याच्या टाकीचं बोलत होते."

प्रतिभाताई त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. या माणसाला खोटं बोलता येत नाही, असं त्या चौतीस वर्षं सगळ्यांना सांगत आल्या होत्या. मग त्या आत गेल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.